आईंनी आम्हाला जेवायला पाठवलं तेव्हा

माझ्या सासूबाईंची शेवटच्या काळातली इच्छा अगदी साधी होती. मी आणि त्यांचा मुलगा, आम्ही दोघांनीच, एकदा बाहेर जाऊन निवांत जेवून यावं. तीर्थयात्रा नको, गावाकडच्या शेताचं दर्शन नको, एवढंच. आणि एवढंच आमच्याकडून नीट झालं नाही.

मी नागपूरच्या महाल भागातली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. माझा नवरा उमरेडच्या पलीकडच्या एका लहान गावातला, शेतकरी घरातला. मी एका कॉलेजच्या ऑफिसात होते आणि तो धाकट्या बहिणीचा प्रवेश घ्यायला खिडकीशी आला होता. एक कागद कमी म्हणून मी त्याला परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी तो आणखी एक कागद विसरून आला. पुढे कधीतरी त्यानं कबूल केलं की दुसरा कागद तो मुद्दाम विसरला होता. लग्नाला दोन्हीकडून नाराजी होती. मी त्याला 'अरे' म्हणते यावरून तर त्याच्या गावात फारच कुजबुज झाली. तेव्हा सासूबाईच चुलत जावांना म्हणाल्या होत्या, "म्हणते तं म्हणू द्या न वं. त्यानं तो काही झिजून नाही राहिला." त्या दिवसापासून त्या मला आवडत आल्या. मी त्यांना आई म्हणायचे.

सासरे लवकर गेले. आईंनी शेती एकटीनं सांभाळली. मग एके सकाळी न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर थोड्या चालायला लागल्या तोच लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आम्ही त्यांना नागपुरात, नंदनवन वस्तीत आमच्याकडे घेऊन आलो. पुढच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीला लागून त्यांचा पलंग टाकला. हॉल गेला म्हणून आमच्या मुलीनं सुरुवातीला तोंड वाकडं केलं, पण मग तीच शाळेतून आल्यावर आजीच्या पायाशी दप्तर टाकून गप्पा मारत बसायची. पुढे ती शिकायला बाहेरगावी गेली आणि घरात आम्ही तिघंच उरलो.

दिवसा एक बाई सांभाळायला येत. नवरा लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता, मी कॉलेजात. संध्याकाळी बाई गेल्या की आम्ही दोघं वाटून घ्यायचो. मी स्वयंपाकात असले की तो आईंजवळ, तो भाजी आणायला गेला की मी. लग्न असलं की एकानं जायचं, एकानं थांबायचं. बारसं, मुंज, कुणाची एकसष्टी, सगळीकडे आम्ही एकेकटे दिसायचो. नातेवाईक म्हणायचे, असा मुलगा आणि अशी सून मिळायला नशीब लागतं. ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, त्या कौतुकाची आम्हाला सवयच झाली होती.

आईंना मात्र ते कौतुक आवडत नसे. पाहुणे गेले की म्हणायच्या, "तुमी दोघं काहून कुठी जात नाही गा? मी काय पळून जाऊन राहिली का?"

नवरा हसून टाळायचा. "जाऊ न माय, जाऊ."

अशात आमच्यापासून तिसऱ्या घराच्या खालच्या मजल्यावर एक नवीन जेवणाचं ठिकाण निघालं. घर एका रिटायर्ड इंजिनियरचं. त्यांची सून पुण्याला मोठ्या हॉटेलात नोकरी करून आली होती, तिनं सासऱ्यांकडून पोर्च आणि पुढच्या दोन खोल्या मागून घेतल्या. भिंतींना निळा रंग दिला, पेरूच्या झाडावर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि फाटकावर बिस्ट्रो अशी पाटी लावली. आईंना पलंगावरून ते सगळं दिसायचं. टेबलं कधी आली, खुर्च्या कोणत्या रंगाच्या, त्यांना पाठ होतं.

"काय लिवलं वं त्या पाटीवर?" त्यांनी मला विचारलं.

"बिस्ट्रो."

"बिस्तर? हॉटेलाचं नाव बिस्तर ठेवलं? अवं बाप्पा, बिस्तरावर तं मी हाव." आणि चांगला अर्धा चेहरा हलवून त्या खूप वेळ हसल्या. तेव्हापासून त्या जागेला आमच्या घरात बिस्तर हेच नाव पडलं.

मग त्यांच्या चौकशा सुरू झाल्या. तिथं काय मिळतं? पास्ता म्हणजे काय? मी म्हटलं, जाड शेवया समजा. "मंग गूळ टाकतेत का त्यात?" नाही, चीज टाकतात. "शेवयात चीज! पोट्टे काय काय खाऊन राहिले." संध्याकाळी गाड्या येऊन थांबायच्या, जोडपी उतरायची. आई त्यांची नक्कल करून मला सांगायच्या. ही रुसून आली होती, जाताना हसत गेली. तो एकटाच बोलत होता, ती नुसती मान हलवत होती. आणि दर दोन दिवसांनी शेवटी तेच: "तुमी कधी जाता?"

मी कारणं सांगत गेले. परीक्षांचं काम आहे, तुमचा खोकला जाऊ द्या, पाऊस थांबू द्या. पाऊस थांबला, खोकलाही गेला. एका संध्याकाळी आईंनी आम्हाला दोघांना पलंगाजवळ बोलावलं आणि निकालच सांगितला. येत्या शनिवारी आम्ही जायचं. शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसायला येणार होत्या. त्यांनी काकूंशी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"आन् नऊच्या आंधी घरात पाय ठेवाचा नाही," त्या म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी दुपारपासूनच घाई चालवली. पलंगावर धुतलेली चादर घालायला लावली. माझ्याकडून वेणी घालून घेतली. मला वाटलं, आम्ही जाणार म्हणून त्या खूश आहेत. मी कोणती साडी नेसावी हेही त्यांनीच सांगितलं. नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. काकू आल्या, त्यांच्या हातात झाकलेला डबा होता. मी काही विचारलं नाही. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा आई खिडकीतून चांगला हात हलवत होत्या, लहान मुलांना सहलीला पाठवावं तशा.

साठ-सत्तर पावलांवर जायचं, तर त्यातही नवऱ्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

बिस्ट्रोतल्या त्या सूनबाई स्वतःच पुढे आल्या, झाडाखालचं टेबल दिलं. तिथून आमची खिडकी सरळ दिसत होती, म्हणून नवऱ्यानं तेच पसंत केलं. मेनू हातात आला आणि आम्ही दोघंही तो नुसता चाळत राहिलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून स्वतःसाठी काही मागवलंच नव्हतं. घरात आईंना चालेल ते शिजायचं. मऊ भात, मुगाचं वरण, कमी तिखटाची भाजी. आम्हीही तेच खायचो. त्याला काय आवडतं हे मला आठवेना. त्यानं मला विचारलं, "तू काय घेतं?" आणि माझंही मला सांगता येईना. शेवटी सूनबाईंनीच सुचवलं, मशरूमचं सूप आणि मग पास्ता.

सूप येईपर्यंत आम्ही आईंच्या रात्रीच्या गोळीबद्दल बोललो. काकूंना ती कोणती ते सांगितलं का? सांगितलं. पाण्याचा पेला डाव्या हाताला तर नाही ठेवला? नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं तेव्हा नवरा दचकला.

"फोन करून पाहू का?" तो म्हणाला.

"आत्ताच तर आलो."

तरी त्यानं केला. काकूंनी उचलला. मला पलीकडचा आवाज ऐकू आला. काकू हसत होत्या, आणि मागून आईही हसत होत्या. काकू म्हणाल्या, "सगळं ठीक आहे हो, जेवा आरामात," आणि फोन ठेवून दिला.

सूप चांगलं होतं. मी म्हटलंही तसं. तो म्हणाला, "मायले बी आवडलं असतं, चावा लागत नाही." पहिल्यांदा तो जरा खुर्चीला टेकून बसला. त्यानं झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "ही साडी नवी होय का?" साडी जुनी होती, पण मी तसं सांगितलं नाही. मला वाटलं, आता हळूहळू बोलणं सुरू होईल.

तेवढ्यात आमच्या पुढच्या खोलीतला दिवा गेला.

गल्लीतले बाकी दिवे होते. फक्त आमची खिडकी काळी. आई कधीही अंधारात राहात नसत, ट्यूबलाइट त्या झोपेपर्यंत चालू असे. नवरा उभा राहिला. त्यानं पुन्हा फोन लावला, तो कुणी उचलला नाही. आमचा पास्ता तेव्हाच टेबलाकडे येत होता. "पार्सल करून द्या," तो म्हणाला. सूनबाईंनी काही न विचारता तो डब्यांत भरला. त्या दोन मिनिटांत तो फाटकापर्यंत गेला होता. मी डबे घेऊन त्याच्या मागे जवळजवळ धावले.

त्यानं दार उघडलं, बटण दाबलं. खोलीभर पांढरा उजेड पडला.

आई उशांना टेकून बसल्या होत्या. काकू त्यांच्याजवळ, पलंगावरच पाय वर घेऊन. समोर टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता. दोघींच्या मध्ये काकूंचा डबा उघडा, त्यात मेथीची भजी. दोघी डोळे मिचकावत आमच्याकडे पाहात होत्या.

"काहून आले?" आईंनी विचारलं.

"लाईट बंद दिसला," नवरा म्हणाला. त्याला अजून धाप लागली होती. "फोन काहून नाही उचलला?"

काकू ओशाळल्या. म्हणाल्या, आईंनाच टॉकीजसारखा अंधार हवा होता, म्हणून दिवा घालवून खिडकीचा पडदाही ओढून घेतला. फोन स्वयंपाकघरात राहिला, सिनेमाच्या आवाजात ऐकू आला नाही.

मग नवऱ्याची नजर डब्यावर गेली. "माय, तुले तेलाचं चालत नाही. डॉक्टरनं किती बार सांगितलं." तो ओरडला नाही, काळजीनंच बोलला. पण काकूंनी डबा झाकला, टीव्ही बंद केला, पदर सारखा केला आणि "येते मी" म्हणून निघाल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी हातातले डबे ठेवायला जागा शोधत होते.

आम्ही आईंसमोर एका ताटलीत पास्ता काढला. नवरा लाडानं म्हणाला, "हे पाय माय, तुह्या शेवया. गरम आहे अजून." आईंनी ताटलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

"मले झोप येऊन राहिली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभ्यानं तो पास्ता खाल्ला. तेव्हासुद्धा आम्हाला वाटत होतं की आपण बरोबर वागलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आईंची वेणी सोडत होते. त्या खिडकीतून बिस्तरच्या पाटीकडे पाहात होत्या. मग म्हणाल्या, "तुले एक सांगू का? तुमी दोघं बाहेर गेले का नाही, मले असं वाटते का मी बी बाहेर गेली. मंग मी कोनाले अडकून नाही राहिली, कोनी मले अडकून नाही राहिलं. काल तसं वाटून राहिलं होतं. तुमी अर्ध्यातून आले, मी बी अर्ध्यातूनच आली."

माझा हात केसांतच राहिला. मी म्हटलं, "आई, पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. दिवा गेला तरी येणार नाही."

"हाव," त्या म्हणाल्या. "जाजा."

पुढच्या महिन्यात त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. त्या थंडीत त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं, नुसत्या पाहायच्या. तेराव्याला सगळे जमले तेव्हा लोकांनी पुन्हा तेच म्हटलं, असा मुलगा आणि अशी सून. मी मान खाली घालून पत्रावळी मांडत होते.

काकू त्यानंतर काही दिवसांनी आल्या. बसल्या, चहा घेतला, मग स्वतःहूनच त्या संध्याकाळचं बोलल्या. फोनवर आम्हाला जे हसू ऐकू आलं ते कशाचं होतं ते सांगितलं. आई त्यांना आपली गोष्ट सांगत होत्या. लग्नानंतर एकदा सासरे त्यांना नागपूरला घेऊन आले होते, मुद्दाम हॉटेलात जेवायला. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरले. आजूबाजूला सगळे पुरुष. आईंना इतकी लाज वाटली की पदर तोंडावर ओढून त्या बसूनच राहिल्या, एक घास खाल्ला नाही. सासऱ्यांनी दोन्ही ताटं संपवली, टाकायचं कसं म्हणून. परतीच्या एसटीत आईंना भुकेनं रडू आलं आणि सासऱ्यांना पोट फुगल्यानं बसवेना. उमरेडला उतरल्यावर दोघं एकमेकांकडे पाहून हसत सुटले. पुन्हा जाऊ म्हणाले, ते राहूनच गेलं. "म्हणून तुमच्या मागे लागल्या होत्या," काकू म्हणाल्या. "मला म्हणाल्या, यांचं तरी पोट भरून होऊ दे."

वर्षश्राद्ध झाल्यावर एका शनिवारी नवरा लकडगंजाहून लवकर आला. हातपाय धुतले आणि म्हणाला, "चाल, बिस्तरमध्ये जाऊन येऊ." मी साडी बदलली.

दिव्यांच्या माळा काढून आता तिथं कंदील लावले होते. सूनबाईंनी आम्हाला ओळखलं, पण त्या वेळचं काही काढलं नाही. आम्ही आतल्या खोलीत बसलो. फोन करायला कुणी नव्हतं. घड्याळ पाहायचं कारण नव्हतं. सूप आलं, संपलं. पास्ता आला, त्यात मिरचीचे लाल तुकडे होते. एके काळी सावजीचा जाळ तिखट रस्सा घाम न पुसता खाणारा माझा नवरा दोन घासांत पाणी मागायला लागला. इतकी आमची जीभ मऊ भाताची झाली होती.

पाणी पिऊन तो काटा हातात धरून बसला.

"तिनं त्या दिवशी भजे किती खाल्ले असतीन?" त्यानं विचारलं.

"खाल्ली असतील दोन-तीन."

"खाऊ द्याले पाहिजे होते."

मी त्याला तेव्हा वेणीच्या वेळचं सांगितलं. वर्षभर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आई जे म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं, अर्ध्यातून आली हेसुद्धा. त्यानं काटा खाली ठेवला.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगणार होते. मग त्या आजारी पडल्या. तेव्हा सांगितलं असतं तर तू आणखीच त्यांच्याजवळ बसून राहिला असतास."

तो यावर भांडेल असं मला वाटलं. त्यानं मान हलवली. "हाव. बसलो असतो," तो म्हणाला. मग काटा पुन्हा उचलून म्हणाला, "तिले वाटलं असन, माह्याच्यानं या दोघायचं सगळं राहून गेलं."

"तसंच वाटत होतं त्यांना."

"आन् आपल्याले वाटून राहिलं होतं का आपण तिच्यासाठी करून राहिलो."

केलं तर होतंच आम्ही. त्यांच्या अंगावर एक जखम होऊ दिली नाही, एक गोळी चुकवली नाही. पण त्यांनी आमच्याकडे स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती, एखाद्या संध्याकाळी आम्ही समोर नसावं. ती आम्हाला देता आली नाही. इतकं जवळ बसून आम्हाला ती ऐकूच आली नाही.

सूनबाईंनी विचारलं, आणखी काही? नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला काय हवं ते मी सांगेपर्यंत थांबला. मी कॉफी म्हटलं. तोही कॉफी म्हणाला, जी तो कधी पीत नाही. ती संपेपर्यंत आम्ही मुलीबद्दल बोललो, मग त्याच्या गावच्या विहिरीबद्दल, मग कॉलेजच्या त्या खिडकीबद्दल.

बाहेर आल्यावर मी सवयीनं घराकडे वळले. तो तिथंच उभा राहिला.

"आता घरी गेलं तरी चालते," तो म्हणाला, "नाही गेलं तरी चालते."

मी परत त्याच्याजवळ आले. आम्ही मोठ्या रस्त्याच्या दिशेनं निघालो. तिकडे आमचं काही काम नव्हतं. तो नेहमीसारखा दोन पावलं पुढे चालत होता. चौकाजवळ त्याच्या ते लक्षात आलं आणि मी येईपर्यंत तो थांबला.